कोळसा संपेल की कोळशाचा काळ?

पृथ्वीच्या पोटातील तेल, वायू व कोळसा आणखी किती वर्षे पुरेल, हा प्रश्न वारंवार विचारला जातो आणि त्यास ठरीव उत्तरही मिळते. सन २०२० अखेर जगात जेवढा साठा सिद्ध झाला होता, त्यास त्या वर्षीच्या उत्पादनाने भागले असता तेल सुमारे ५४ वर्षे, वायू सुमारे ४९ वर्षे व कोळसा सुमारे १३९ वर्षे पुरेल, असा हिशेब बी.पी. कंपनीच्या अहवालात मांडला होता. भागाकार बरोबर आहे. त्यावरून लोक जे अनुमान काढतात ते मात्र चुकीचे आहे.

वखारीत शंभर पोती आहेत व रोज एक विकले जाते, म्हणून शंभर दिवसांनी दुकानास कुलूप लागेल, असे कोणता व्यापारी म्हणेल? भाव चढला की दूरचा माल बाजारात येतो, आणि गिऱ्हाईकही हात आखडते. खनिजाचे तसेच आहे. सिद्ध साठा म्हणजे भूगर्भातील सर्व द्रव्य नव्हे. आजच्या भावाने व आजच्या यंत्रांनी जेवढे काढणे परवडते तेवढेच. अमेरिकेचे तेल १९७० च्या सुमारास शिखर गाठून उतरू लागेल, असे हबर्ट या भूगर्भशास्त्रज्ञाने १९५६ साली वर्तविले आणि ते तसे उतरलेही. परंतु शेल खडक फोडून तेल काढण्याची विद्या साधताच २०१८ साली त्या देशाने जुने शिखर ओलांडले.

मग चिंता नको काय? ब्रिटनचा इतिहास पाहावा. आपल्या राष्ट्राचे वैभव कोळशावर उभे आहे, आणि कोळसा अकस्मात संपणार नसला तरी खाणी खोल जाऊन तो महाग होईल व भरभराट खुंटेल, असा इशारा जेव्हन्स या अर्थशास्त्रज्ञाने १८६५ साली दिला होता. १९१३ साली तेथे सुमारे २९ कोटी टन कोळसा निघाला व दहा लाखांहून अधिक मजूर त्यावर पोट भरीत होते. पुढे तेल आले, उत्तर समुद्रातील वायू आला, परदेशचा स्वस्त कोळसा आला. डिसेंबर २०१५ मध्ये शेवटची खोल खाण मिटली आणि ३० सप्टेंबर २०२४ रोजी कोळशावरील अखेरचे वीजगृह थंडावले. कोळसा अद्याप भूमीत पडून आहे; काळ तेवढा संपला. त्याची किंमत कोणी दिली? १९८४ च्या मार्चपासून वर्षभर संप करूनही ज्यांच्या खाणी वाचल्या नाहीत, त्या मजुरांनी व त्यांच्या गावांनी!

आता तर आणखी एक मर्यादा पुढे आली आहे, ती आकाशाची. तापमानवाढ दोन अंशांच्या आत ठेवावयाची तर ज्ञात साठ्यांपैकी तेलाचा तिसरा हिस्सा, वायूचा निम्मा व कोळशाचा ८० टक्क्यांहून अधिक भाग जमिनीतच राहू दिला पाहिजे, असे लंडनच्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिले. तात्पर्य, साठा सरण्यापूर्वीच त्याचा उपयोग थांबवावा लागणार.

चंद्रपूर, वणी, उमरेड येथील कोळसा खाणींच्या आधारावर जगणाऱ्या कुटुंबांस हा प्रश्न परका नाही. तेथील वाण्याचे दुकान, गाडीवाल्याचा धंदा व घरमालकाचे भाडे ही सारी खाणीच्या पगारावर चालतात. खाणींच्या उत्पन्नातून बाधित लोकांच्या हितासाठी जिल्हा खनिज प्रतिष्ठान स्थापण्याची तरतूद २०१५ च्या कायद्याने झालेली आहे. तो पैसा केवळ रस्ते व इमारती यांत न घालता, खाण मिटल्यावर मुलांस कामी येईल अशा विद्येत व धंद्यांत गुंतविला पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे.

खनिज हे मुद्दल आहे, व्याज नव्हे. मुद्दल खाऊन चालविलेल्या पेढीने आपल्या वारसांसाठी दुसरी कमाई उभी केली नाही, तर तिचे दिवाळे निघण्यास मुद्दल संपण्याचीही वाट पाहावी लागत नाही. म्हणून साठा किती वर्षे पुरेल, हे विचारण्यापेक्षा तेवढ्या अवधीत आपण काय उभे करणार, हे विचारणेच शहाणपणाचे आहे.