छोट्या अंगणातला आंबा: आम्रपाली

अंगण छोटं असेल तर हापूसचा हट्ट सोडा, आम्रपाली लावा. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने दशहरी आणि नीलम यांच्या संकरातून ही बुटकी जात काढली. बागायतदार ती अडीच-अडीच मीटरवर लावतात, आणि हापूससारखं एक वर्ष आड नाही, दरवर्षी धरते.

कलमच घ्या. जोड मातीच्या वर ठेवा, खालून फुटणारे कोंब लगेच काढा. पहिली दोन वर्षं मोहोर खुडायचा; जिवावर येतं, पण झाड आधी अंग धरू दे. फळं उतरली की लगेच छाटणी. उशीर केलात तर पुढच्या मोहोराची काडी तयारच होत नाही. फळ लहान, गर गडद केशरी, आणि तयार होतं हापूस संपल्यावर.