अंतर जास्त, वेळ कमी

आपल्यापैकी कित्येकांचे दादा-ताई अमेरिकेत आहेत. ताई दिल्लीहून विमानात बसली की आजी विचारते, "किती तासांनी पोहोचेल रे?" आणि फोनजवळ बसून राहते. आपण अंतराला वेगाने भागून उत्तर देतो. ते चुकू शकते.

दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को घ्या. शाळेतल्या पृथ्वीगोलावर या दोन शहरांमध्ये सुतळी ताणून धरा. ती बरीच उत्तरेकडून जाते. (सपाट नकाशावर हे दिसत नाही.) हे सर्वांत कमी अंतर, सुमारे १२,४०० किलोमीटर. एअर इंडियाचे विमान अटलांटिकवरून जाई तेव्हा सुमारे १३,९०० किलोमीटर होत. ऑक्टोबर २०१६ मध्ये ते उलट बाजूने, पॅसिफिकवरून नेले. अंतर झाले १५,३०० किलोमीटर, पण वेळ लागला फक्त साडेचौदा तास, म्हणजे पूर्वीपेक्षा कमी!

याचे कारण वारा. खूप उंचावर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात. विमानाचा वेग ताशी ८०० किलोमीटर आणि पाठीमागून वारा १०० चा असेल, तर जमिनीच्या हिशेबाने वेग ९०० होतो. वारा समोरून आला तर ७००. "पृथ्वी फिरते म्हणून" हे उत्तर पालकही देतात, पण हवाही पृथ्वीबरोबरच फिरते ना!

आता घड्याळ. ताई पहाटे ४ ला निघून साडेचौदा तासांनी उतरली, तर तिथे त्याच तारखेचे सकाळचे ६ वाजलेले असतात. हिवाळ्यात ५, कारण तिकडे घड्याळे तासभर मागे घेतात. आजीच्या घड्याळात मात्र संध्याकाळचे साडेसहा.