गॅस भरण्याआधी : जुन्या व्हॅनचा एसी आणि हीटर

मोटारीच्या एसीमधला गॅस पेट्रोलसारखा जळून खर्च होत नाही, एवढी एकच गोष्ट जुन्या व्हॅनच्या मालकाने पक्की ध्यानात ठेवली, तर दर उन्हाळ्यात गॅरेजात होणारा त्याचा बराचसा अनाठायी खर्च टळू शकतो. बंदिस्त नळ्यांमधून तोच गॅस वर्षानुवर्षे फिरत राहतो, आणि तो कमी झाला असेल तर कुठून तरी गळाला आहे, एवढाच त्याचा अर्थ होतो. रबरी नळ्यांतून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून काही वर्षांत थोडासा गॅस झिरपतो हे खरे. परंतु ज्या गाडीत दरवर्षी चैत्र लागला की गॅस भरावा लागतो, त्या गाडीला गॅस नव्हे, तर गळतीचा शोध हवा असतो. तरीही ‘थंड होत नाही’ या तक्रारीला ‘गॅस संपला’ हेच उत्तर सरसकट दिले जाते आणि सरसकट स्वीकारलेही जाते.

सटाण्यासारख्या ठिकाणी या प्रश्नाला दोन्ही ऋतूंची बाजू आहे. चैत्र पौर्णिमेच्या सुमारास वणीच्या सप्तशृंगी गडाकडे वाहनांची रीघ लागते, तेव्हा बागलाण, देवळा, मालेगाव या पट्ट्यात दुपारचा पारा ४० अंशांच्या आसपास खेळत असतो. तर मार्गशीर्ष वद्य एकादशीला सटाण्यात देवमामलेदार यशवंतराव महाराजांची यात्रा भरते, तेव्हा पहाटेच्या थंडीत काचा धुरकटतात आणि एरवी विसरलेल्या हीटरची आठवण होते. या रस्त्यांवर धावणाऱ्या जुन्या व्हॅन मुख्यतः दोन प्रकारच्या आहेत. पहिल्या प्रकारात १९८४ पासून २०१९ पर्यंत निघालेली मारुतीची ओम्नी आणि २०१० मध्ये आलेली ईको, म्हणजे इंजिन पुढच्या सीटखाली असलेल्या गाड्या येतात. दुसऱ्या प्रकारात २००४ ची टवेरा आणि २००५ ची इनोव्हा यांच्यासारख्या तीन रांगांच्या मोठ्या गाड्या येतात, ज्यांच्या अनेक नमुन्यांत मागच्या प्रवाशांसाठी दुसरी कूलिंग कॉइल आणि दुसरा ब्लोअर बसवलेला असतो. पहिल्या प्रकारात इंजिनाची उष्णता थेट बसणाऱ्याच्या खालून येते, त्यामुळे सीटखालच्या झाकणाचे रबर आणि उष्णतारोधक अस्तर फाटले असेल, तर निर्दोष एसीही अपुरा वाटू लागतो. दुसऱ्या प्रकारात नळ्यांची लांबी आणि सांध्यांची संख्या जास्त, म्हणून गळतीच्या जागाही जास्त असतात.

दोष शोधण्यापूर्वी यंत्रणेचे तत्त्व समजून घेणे आवश्यक आहे. द्रवाची वाफ होताना तो भोवतालची उष्णता शोषून घेतो, आणि वाफेचा पुन्हा द्रव होताना ती उष्णता बाहेर टाकली जाते. माठातले पाणी ज्या कारणाने गार होते, तेच कारण येथेही काम करते, फरक एवढाच की एसीत उडालेली वाफ वाया न जाता पुन्हा पकडून वापरली जाते. या कामासाठी वापरले जाणारे द्रव्य, ज्याला गॅरेजात नुसतेच ‘गॅस’ म्हणतात, ते या पिढीच्या गाड्यांत आर-१३४ए हे असते आणि हवेच्या सर्वसाधारण दाबाखाली ते उणे २६ अंशांनाच उकळते. इंजिनाच्या पट्ट्यावर फिरणारा कॉम्प्रेसर त्याची वाफ दाबून तापवतो; गाडीच्या नाकाशी असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत बाहेरची हवा लागून तिचा द्रव होतो; एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या बारीक छिद्रातून सुटताना त्या द्रवाचा दाब एकदम पडतो; आणि डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये तो उकळताना ब्लोअरने ढकललेल्या हवेतली उष्णता ओढून घेतो. दव जमावे तसे हवेतले बाष्प या कॉइलवर जमते आणि त्याचे पाणी बारीक नळीवाटे गाडीखाली ठिबकते. म्हणूनच एसी चालू असताना गाडीखाली पडणारे स्वच्छ पाणी हे यंत्रणा नीट चालल्याचे लक्षण असते, आणि तेच पाणी गाडीखाली न पडता पायाखालच्या मॅटवर आले, तर ती नळी धुळीने तुंबलेली असते.

गॅसच्या प्रमाणाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज दाबमापकामुळे निर्माण होतो. बंद नळ्यांत जोवर थोडा जरी द्रव शिल्लक असतो, तोवर इंजिन बंद असलेल्या गाडीतला दाब गॅसच्या वजनावर नव्हे, तर केवळ तापमानावर ठरतो. २५ अंशांना हा दाब दर चौरस इंचाला सुमारे ८० पौंड भरतो आणि ४० अंशांना सुमारे १३० पौंड; म्हणजे गॅस निम्मा गळालेली गाडी आणि पूर्ण भरलेली गाडी उन्हात शेजारी शेजारी उभी केली, तर दोन्हींवर काटा जवळपास एकच आकडा दाखवू शकतो. आपल्याकडच्या स्वयंपाकघरातही हाच अनुभव येतो, कारण सिलिंडर अर्धा झाला म्हणून शेगडीची ज्योत अर्धी होत नाही. यंत्रणा चालू असताना दोन्ही बाजूंचे दाब एकत्र वाचले तर बरेच काही कळते. पण त्या आकड्यांवर बाहेरचे ऊन, पंख्याचा वेग, इंजिनाची गती या सर्वांचा परिणाम होत असल्यामुळे, नुसत्या काट्याकडे बघून ‘अजून थोडा सोडा’ असे म्हणत गॅस भरणे ही पद्धत चुकीची आहे. योग्य पद्धतीत उरलेला गॅस काढून घेतला जातो, व्हॅक्यूम पंपाने नळ्या अर्धा-पाऊण तास निर्वात केल्या जातात, निर्वात स्थिती टिकते का ते पाहिले जाते आणि मग बॉनेटजवळच्या पट्टीवर किंवा मार्गदर्शक पुस्तिकेत दिलेल्या वजनाइतकाच गॅस वजनकाट्यावर मोजून भरला जातो. गॅस जास्त झाला तरी गारवा कमीच होतो, कारण कंडेन्सरमध्ये वाफेला जागा उरत नाही आणि दाब वाढून कॉम्प्रेसरवर ताण येतो.

तथापि गॅसपर्यंत जाण्याआधी हवेचा मार्ग तपासला पाहिजे, आणि बागलाणात तर हे विशेष अगत्याचे आहे. कांद्याचा पाला, बाजरीचे भूस आणि शेतरस्त्यांची माती कंडेन्सरच्या पत्र्यांमध्ये थर करून बसते. बाहेरून जाळी स्वच्छ दिसली, तरी कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधल्या फटीत गादीसारखा कचरा दाबला गेलेला असतो. कमी दाबाच्या पाण्याने ही जाळी आतल्या बाजूने बाहेरच्या दिशेने धुतली, तर पुष्कळदा तेवढ्यानेच फरक पडतो. मोठ्या दाबाचा फवारा मात्र तिचे नाजूक पत्रे वाकवून टाकतो. चालत्या गाडीत गार वाटते आणि चांदवडच्या टोलनाक्यावर उभे राहिले की गरम हवा येते, अशी तक्रार असेल, तर पहिला संशय कंडेन्सरच्या विजेच्या पंख्यावर, त्याच्या रिलेवर आणि फ्यूजवर घ्यावा. ब्लोअर केवळ सर्वांत मोठ्या वेगावरच चालत असेल, तर बहुधा त्याचा रेझिस्टर जळालेला असतो, आणि तो अगदी किरकोळ किमतीचा भाग आहे. कांद्याच्या चाळीशेजारी उभ्या राहणाऱ्या गाड्यांत उंदीर ब्लोअरच्या घरात चिंध्या आणि टरफले भरून ठेवतात व तारा कुरतडतात. झाकण काढून पाहिल्याशिवाय ही गोष्ट कोणत्याही मापकावर कळत नाही.

जुन्या गाडीत आणखी एक दोष सहसा दुर्लक्षित राहतो. अनेक गाड्यांत कूलिंग कॉइल आणि हीटर कॉइल एकाच खोक्यात मागेपुढे असतात, आणि कोणत्या कॉइलवरून किती हवा जावी हे एक झडप ठरवते. वर्षानुवर्षांच्या वापरानंतर या झडपेची केबल सैल होते किंवा तिच्या कडेचा फोम गळून पडतो, आणि मग गार झालेली हवा तापलेल्या हीटर कॉइलवरून पुन्हा गरम होऊन बाहेर येते. एसीची प्रत्येक तपासणी निर्दोष ठरते, गॅस दोनदा भरून होतो, आणि दोष मात्र एका निसटलेल्या केबलमध्ये असतो.

पहिला अर्धा तास उत्तम गारवा आणि नंतर काहीच नाही, या तक्रारीत दोन निरनिराळे दोष सारखेच दिसतात. जाळीतून येणारी हवा हळूहळू कमी होत गेली आणि एसी थोडा वेळ बंद ठेवताच पूर्ववत झाली, तर कूलिंग कॉइलवर बर्फ धरत आहे, असे समजावे. यामागे कॉइलचे तापमान सांगणारा थर्मिस्टर बिघडलेला असतो किंवा हवेचा मार्ग तुंबलेला असतो. हवेचा जोर तसाच राहिला आणि केवळ गारवा गेला, तर नळ्यांत पाण्याचा अंश शिरून तो एक्स्पान्शन व्हॉल्व्हच्या छिद्रात गोठत असण्याची शक्यता मोठी आहे. या दुसऱ्या दोषावर नुसता गॅस वाढवणे व्यर्थ असते. ओलावा शोषणारा ड्रायर बदलून यंत्रणा पुरेशी निर्वात करावी लागते, कारण निर्वात स्थितीत पाणी साध्या तापमानालाच उकळून वाफेच्या रूपाने निघून जाते.

कॉम्प्रेसर हा या साऱ्यातला सर्वांत महाग भाग, आणि त्याचे आयुष्य गॅसवर दुहेरी अवलंबून असते, कारण त्याला लागणारे वंगणतेल गॅसबरोबरच फिरत असते. गॅस गळून कमी झाला की तेलही परत येईनासे होते, आणि हे टाळण्यासाठीच कमी दाबावर कॉम्प्रेसर बंद पाडणारा स्विच बसवलेला असतो. गारवा तात्पुरता मिळावा म्हणून तो स्विच तारेने थेट जोडून देणे हा शुद्ध अविचार आहे. त्यातून कॉम्प्रेसर जाम होतो, त्याचा धातूचा चुरा कंडेन्सर आणि व्हॉल्व्हमध्ये जाऊन बसतो, आणि नळ्या धुऊन, ड्रायर बदलून न घेता नवा कॉम्प्रेसर लावला तर तोही थोड्याच काळात त्याच मार्गाने जातो. तेलाचा हा प्रवास गळती शोधायलाही उपयोगी पडतो, कारण सांध्याभोवती तेलकट आणि त्यावर धूळ चिकटलेला काळसर डाग दिसला, की गॅस तिथूनच जात असल्याचा तो जवळजवळ पुरावाच असतो; त्यावर साबणाचा फेस लावून खात्री करता येते. स्वस्तात मिळणाऱ्या अनोळखी डब्यांत ज्वलनशील वायूंची भेसळ असू शकते, म्हणून सीलबंद आणि ओळखीच्या कंपनीचाच गॅस घ्यावा, विशेषतः ज्या गाडीत प्रवासी बसलेल्या जागेखालीच इंजिन आहे त्या गाडीत.

हीटरची रचना त्यामानाने सोपी आहे. तो स्वतः उष्णता निर्माण करत नाही. इंजिन थंड ठेवणारे गरम कूलंट एका छोट्या जाळीतून, म्हणजे हीटर कॉइलमधून, फिरवले जाते आणि ब्लोअर त्यावरून हवा सोडतो. इंजिन पुरते तापल्यावर या कॉइलकडे जाणाऱ्या दोन रबरी नळ्यांना पंखा-पट्ट्यापासून हात दूर ठेवून, जपून स्पर्श केला तर बहुतेक निदान होते. दोन्ही नळ्या गरम असतील तर दोष झडपेत किंवा ब्लोअरमध्ये. एक गरम आणि एक थंड असेल तर कॉइल गाळाने तुंबलेली, किंवा काही गाड्यांत असलेला पाण्याचा व्हॉल्व्ह बंद. आणि दोन्ही कोमट असतील तर कूलंट कमी झालेले, नळीत हवा अडकलेली, किंवा थर्मोस्टॅट उघडा राहिलेला. इंजिन सीटखाली आणि रेडिएटर नाकाशी, अशा रचनेत कूलंटचा रस्ता लांब असल्यामुळे हवा अडकण्याचा संभव जास्त असतो. कूलंटऐवजी वर्षानुवर्षे विहिरीचे किंवा बोअरचे जड पाणी ओतले गेले, तर क्षारांचा जो थर साचतो तो आधी हीटर कॉइलच्या बारीक नळ्या बंद करतो आणि पुढे रेडिएटरलाही सोडत नाही. गरम इंजिनावर रेडिएटरचे झाकण कधीही उघडू नये. काचेवर चिकट धुके येऊन गाडीत गोडसर वास येत असेल, तर हीटर कॉइल गळते आहे हे निश्चित समजावे, आणि कूलंट विषारी असल्याने ही दुरुस्ती लांबणीवर टाकू नये.

पावसाळ्यात ताहाराबादहून पिंपळनेरकडे जाताना सेलबारीच्या घाटात काच आतून धुरकटते, तेव्हा एसी आणि हीटर एकत्र चालवणे हा सर्वांत परिणामकारक उपाय ठरतो, कारण एसी हवेतले बाष्प काढून घेतो आणि हीटर ती कोरडी हवा ऊबदार करतो. या वापराचा दुसराही लाभ आहे. कॉम्प्रेसरच्या दांड्यावरचे सील तेलाने ओले राहिले तरच घट्ट बसते. दिवाळीपासून चैत्रापर्यंत एसीला हातच लावला नाही तर ते कोरडे पडून गळू लागते, म्हणून ऐन थंडीतही आठवड्यातून एकदा दहा मिनिटे एसी चालवावा.