हात का फडफडतात?

हात फडफडवणे, गोल गोल फिरणे, खेळण्यातल्या गाडीचे चाकच तेवढे फिरवत बसणे, ऐकलेले वाक्य दिवसभर घोकणे अशा तऱ्हेची स्वमग्न मुलांची वागणूक बालमनोविकारतज्ज्ञ लिओ कॅनर यांनी १९४३ मध्ये ११ मुलांच्या अभ्यासात नोंदवली. सगळे जसेच्या तसे राहावे, हा मुलांचा हट्टही त्यांनी टिपला. पुढच्या दशकांत रेंगाळण्यासारखे फार नाही. आधी आईच्या थंडपणावर खापर फुटले, मग हालचाली थांबवणे हाच उपचार झाला. मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांनी त्यासाठी विजेचे झटकेही दिले. मूल हे का करते, हे शोधायची घाई फारशी कुणाला नव्हती.

खरी उलथापालथ २०१३ नंतरची. त्या वर्षी अमेरिकी मनोविकार संघटनेच्या निदानसंहितेने आवाज, उजेड, स्पर्श यांचा अतिरेकी त्रास किंवा त्यांची अनावर ओढ हीसुद्धा स्वमग्नतेच्या लक्षणांत धरली. कोड्याचा तुकडा तिथे बसला. गोंगाट असह्य झाला की ठरावीक लय मुलाला सावरते. पुढे काय होणार हे कळेनासे झाले की ओळखीची कृती आधार देते. आनंदानेही हात उडतात. घोकलेले वाक्य कित्येकदा मागणी किंवा उत्तर असते. डोके आपटणे मात्र वेगळे: तिथे आधी कान, दात, पोट तपासायचे, कारण दुखणे सांगता न येणारे मूल ते कित्येकदा असेच दाखवते. २०१९ मध्ये स्वमग्न प्रौढांच्या मुलाखतींवरचा अभ्यास आला. या हालचालींनी बरे वाटते, त्या बळाने थांबवू नका, असे त्यांनी स्वतःच सांगितले.

इकडे भारतात फेब्रुवारी २०१३ मध्येच पालघरला राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम सुरू झाला. अंगणवाडीतल्या मुलांची वर्षातून दोनदा तपासणी ठरली. १९९५ च्या कायद्यातल्या ७ अपंगत्वांत स्वमग्नता नव्हती. २०१६ च्या कायद्यातल्या २१ मध्ये ती आली. कागद सुधारला.

प्रत्यक्षात काय? पुणे जिल्ह्यातल्या शिरूर तालुक्यात न्हावऱ्याला ग्रामीण रुग्णालय आहे, पण नियमित थेरपीसाठी अनेकांना पुण्याची वाट धरावी लागते. भोवतालच्या ऊसपट्ट्यात हंगामाला येणाऱ्या ऊसतोड कुटुंबांचे त्याहून बिकट. कोपी, माणसे, रात्रीअपरात्रीचे आवाज, सारेच बदलते. सारखेपणाची ज्याला सर्वाधिक गरज, त्याच मुलाचे घर दरवर्षी उठते. त्याच्या हालचाली वाढल्या तर त्याला खोडकर ठरवतात, अंगात आले म्हणतात. तपासणीचे पथक गावच्या अंगणवाडीत पोचते तेव्हा ते मूल फडात असते.