लहान बाळांना शी कडक होणे : काय करावे, काय टाळावे



पालकसभेत अभ्यासाबद्दल सगळेच विचारतात. पण "मुलाला शी नीट होत नाही" हे आई सभा संपल्यावर हळूच सांगते. हा त्रास बऱ्याचदा शाळेत येण्याआधीच सुरू झालेला असतो, म्हणून आज याबद्दल मोकळेपणाने बोलूया.

बद्धकोष्ठता कशाला म्हणायचे?

शी किती दिवसांनी झाली यापेक्षा कशी झाली ते बघा. फक्त आईच्या दुधावर असलेले दोन-तीन महिन्यांचे बाळ कधी दिवसातून चारदा शी करते, तर कधी पाच-सहा दिवस करतच नाही. शी मऊ असेल, बाळ नीट पीत असेल आणि वजन वाढत असेल तर काळजी नको. बाळ लालबुंद होऊन कुंथते आणि मग मऊ शी होते, तेही चालते. पोटाने जोर लावताना खालचा भाग सैल सोडणे त्याला अजून जमत नसते. शी लेंड्यांसारखी किंवा कोरड्या खड्यासारखी होत असेल आणि मूल दुखून रडत असेल, तर मात्र ती बद्धकोष्ठता.

वरचे अन्न सुरू करताना, पावडरचे दूध जास्त घट्ट केल्यावर किंवा पॉटीवर बसायची घाई केल्यावर हा त्रास जास्त दिसतो.

भीतीचे चक्र

एकदा कडक शी झाली की दुखते. मग मूल ठरवते, आता करायचीच नाही! पाय आवळून, टाचा उंचावून ते पडद्यामागे उभे राहते. आपल्याला वाटते जोर लावतंय, पण ते शी अडवून धरत असते. आत थांबलेल्या शीतले पाणी आतडे शोषून घेते, ती आणखी कडक होते आणि पुढच्या वेळी जास्त दुखते. काही दिवसांनी साचलेल्या खड्याच्या बाजूने पातळ शी झिरपून चड्डी खराब होते. घरी वाटते जुलाब झाले, शाळेत वाटते आळशी आहे. मुलाला तर ते कळतही नाही. अशा वेळी रागावलो की भीती वाढते.

काय करावे?

1. सहा महिन्यांपर्यंत फक्त दूध. वरचे पाणीसुद्धा नको. पावडरचे दूध डब्यावरच्या मापानेच करा.
2. सहा महिन्यांनंतर जेवणाबरोबर घोट-घोट पाणी, पपई, मऊ भाज्या, भिजवून कुस्करलेल्या मनुका, वरण-भात द्या. बिस्किटे कमी करा.
3. एक वर्षानंतर गाईचे किंवा म्हशीचे दूध दिवसाला अर्धा लिटरच्या आत ठेवा. दुधाने पोट भरले की मूल जेवत नाही.
4. मोठ्या मुलाला जेवणानंतर पाच मिनिटे पॉटीवर बसवा. पाय लोंबकळू देऊ नका, खाली पाट ठेवा. शी झाली नाही तरी बसल्याचे कौतुक करा.
5. मूल घाबरत असेल तर पॉटीची सवय लावणे थोडे दिवस थांबवा.

काय टाळावे?

विड्याच्या पानाचा देठ किंवा साबणाची कांडी घालू नका, नाजूक जागेला इजा होते. एरंडेल, बाळगुटी नको. एक वर्षाच्या आत मध तर मुळीच नको. डॉक्टरांनी शी मऊ करणारे औषध दिले असेल, तर दोन दिवसांत बरे वाटले म्हणून बंद करू नका. भीती जायला कधी कधी काही महिने लागतात.

लगेच डॉक्टरांकडे कधी?

जन्मानंतर 48 तासांत पहिली काळी शी न होणे, पहिल्या महिन्यातच त्रास सुरू होणे, पोट फुगणे, हिरवी उलटी, शीतून रक्त, ताप, वजन न वाढणे.

शिक्षकांना एक विनंती. मुलाने तासाला हात वर केला तर "आत्ताच गेला होतास ना?" असे म्हणू नका, जाऊ द्या. चड्डी खराब झाली तर वर्गासमोर बोलू नका. घरी आणि शाळेत दोन्हीकडे धीर मिळाला, तरच ते मूल न घाबरता बसेल.