माहेरची लांबची वाट

बँकेत नोकरी केलेल्या माणसाला गावं पुष्कळ ठाऊक असतात, रस्ते ठाऊक नसतात. चौतीस वर्षांत माझ्या अकरा बदल्या झाल्या. दर वेळी सामान ट्रकने, आम्ही रात्रीच्या एसटीने, आणि सकाळी दहाला नव्या शाखेत हजर! मधली गावं म्हणजे खिडकीबाहेरून सरकणारे दिवे. सौ.चं माहेर ग्वाल्हेरचं. तिथे जायचं म्हणजे पुण्याला झेलम एक्सप्रेस पकडायची आणि परतीचं आरक्षण आधीच पर्समध्ये ठेवायचं. मुलांच्या शाळा आणि माझी रजा यांच्या फटीत जे आठ दिवस बसतील, तेवढंच माहेर.

गेल्या वर्षी दिवाळी उलटल्यावर तिच्या भाच्याचा फोन आला. "आत्या, लष्करातलं घर काढून राहिलो आहे. तुमची एक सही लागेल." पाठोपाठ मोबाइलवर मसुदा आला. मी चष्मा लावून वाचला. हक्कसोडपत्र होतं.

घर सासऱ्यांनी स्वतःच्या कमाईतून बांधलेलं, मृत्युपत्र केलेलं नाही. अशा घरात मुलीला मुलाइतकाच वाटा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानेच मिळतो. त्यासाठी २००५ च्या दुरुस्तीकडेही जावं लागत नाही. कर्जप्रकरणांच्या फायलींत अशी हक्कसोडपत्रं मी ढिगाने पाहिली आहेत. मजकूर भावांचा, सह्या बहिणींच्या. आणि त्या सह्या अडाणीपणातून होतात असं समजू नका. शिकल्यासवरल्या, नोकरी केलेल्या बायका समजून उमजून सही करतात. भाऊबीज चालू राहावी, गेल्यावर दार उघडलं जावं, एवढ्याची ती किंमत असते.

हे सगळं मी सौ.ला एकदा सांगितलं आणि गप्प बसलो. ती म्हणाली, "सही करायची ते नक्की. कोणत्या कागदावर, ते पोचेपर्यंत ठरवते. आणि या वेळी रेल्वे नको. आपल्या गाडीने जाऊ, सावकाश."

पुणे ते ग्वाल्हेर हे अंतर साधारण अकराशे किलोमीटर. आम्ही त्याला दहा दिवस दिले. दिवसाला फार तर दोनशे किलोमीटर, दुपारी जेवण झाल्यावर झोप, पुढच्या मुक्कामाचं आरक्षण करायचं नाही, आणि तासाभराने चालक बदलायचा. तिने गाडी शिकली पन्नाशीनंतर, आणि ती माझ्यापेक्षा बरी चालवते.

नाशिक ओळखीचं, तिथे फक्त मिसळ खाल्ली. तिथून जुना आग्रा रोड धरला आणि पहिला खरा मुक्काम धुळ्याला केला. एरवी धुळं हे ओलांडून जायचं गाव. पण इतिहासाचार्य राजवाड्यांनी अखेरचे दिवस इथे काढले. ३१ डिसेंबर १९२६ रोजी ते इथेच गेले आणि पुढच्याच वर्षी त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ इथे उभं राहिलं. मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचे बावीस खंड त्यांनी काढले, ते कुणाकुणाच्या वाड्यातले, माळ्यावर पडलेले, वाळवी लागलेले कागद गावोगाव हिंडून गोळा करून. मंडळातून बाहेर पडताना सौ. म्हणाली, "आमच्या माळ्यावर अण्णांची पत्र्याची ट्रंक आहे. घर विकल्यावर ती कोण खाली काढणार?" त्या दिवशी घराबद्दल ती एवढंच बोलली.

शिरपूर मागे पडलं. बिजासनच्या घाटात मालमोटारींच्या मागे मुंगीच्या पावलाने चढलो. इथून पाट्यांवरचा 'ळ' नाहीसा होतो. खलघाटला नर्मदा ओलांडली, धामनोदहून उजवीकडे वळलो आणि महेश्वर गाठलं. एक रात्र राहायचं ठरलं होतं, राहिलो तीन.

महेश्वरच्या घाटाचं वर्णन मी करत बसत नाही. त्याच्या पायऱ्यांवर बसून राहावं, हे उत्तम. अहिल्याबाई होळकरांनी १७६७ पासून १७९५ पर्यंत इथून कारभार केला. काशी विश्वनाथाचं देऊळ त्यांनी १७८० साली बांधवलं, हे आपण शाळेपासून ऐकतो. मला, बँकेतल्या माणसाला, तिथे वेगळ्याच गोष्टीचं कौतुक वाटलं. होळकरशाहीत दोन खाती होती. एक दौलतीचं, म्हणजे राज्याचं. दुसरं खासगीचं, घराण्यातल्या मुख्य स्त्रीचं, तिच्या स्वतःच्या उत्पन्नाचं. देशभरातली देवळं, घाट, धर्मशाळा यांचा खर्च बाईंनी खासगीतून केला. दौलतीच्या तिजोरीला त्यासाठी हात लावला नाही. दानधर्म सगळ्यांना दिसतो. त्याच्यामागे स्वतंत्र खातं होतं, याची आठवण फारशी कुणी काढत नाही.

हे मी सौ.ला सांगितलं ते केवळ हिशेबाची गंमत म्हणून. दुसऱ्या दिवशी तिने विणकरांकडून एक महेश्वरी घेतली, दोन्ही बाजूंनी नेसता येणाऱ्या काठाची. संध्याकाळी घाटावर नदीत दिवे सोडणाऱ्यांची गर्दी होती. ती पाण्याकडे बघत म्हणाली, "अहो, हक्कसोडावर नाही करायची मी सही. विकणाऱ्यांत माझं नाव घाला म्हणून सांगते त्याला."

"मी सांगू का?"

"नको. मीच सांगते. आणि आत्ता नाही, इंदूरहून."

इंदूरला आम्ही सराफ्याजवळच उतरलो. रात्री सोन्याचांदीच्या पेढ्यांना कुलपं लागली की त्यांच्याच पायऱ्यांवर भुट्ट्याच्या किसाच्या कढया चढतात, हा प्रकार मध्यरात्रीपर्यंत पाहिला. सकाळी पोहे-जिलबी. मग राजवाडा. खालचे तीन मजले दगडी, वरचे लाकडी, आणि १९८४ च्या दंगलीत लागलेल्या आगीने बराच भाग खाऊन टाकलेला. इंदूरमध्ये एक मजेदार बदल मला दिसला. सौ.चं पुणेरी झालेलं मराठी सैल सुटलं. "पाहून राहिले ना मी," असं ती रिक्षावाल्याला नव्हे, मला म्हणाली! चाळीस वर्षं ही क्रियापदं तिने कुठे ठेवली होती, कोण जाणे.

फोन तिने तिथूनच केला. मी खोलीबाहेर गेलो. परत आलो तेव्हा ती केस विंचरत होती. "काय म्हणाला?" "काहीच नाही. 'बरं आत्या' म्हणाला." त्या 'बरं'चा अर्थ लावत आम्ही पुढचे तीन दिवस काढले.

देवास इंदूरहून तासाभरावर. टेकडीवर माताजी, पायथ्याशी कुमार गंधर्वांचं घर. क्षयाने खंगलेले कुमार १९४८ साली हवापालटासाठी इथे आले. गाणं बंद. काही वर्षं अंथरुणावर पडून त्यांनी काय केलं, तर आजूबाजूला म्हटली जाणारी माळव्याची लोकगीतं ऐकली. बरे होऊन पुन्हा गायला लागले, तेव्हाचं गाणं वेगळं होतं. ते अखेरपर्यंत, १९९२ पर्यंत, देवासचेच राहिले.

पण सौ.ला देवासात दुसरीच गोष्ट सापडली. तुकोजी आणि जिवाजी पवार या दोघा भावांची इथे एकाच गावात दोन राज्यं झाली. थोरली पाती आणि धाकटी पाती. दोन राजे, दोन राजवाडे, दोन दरबार. ते थेट १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत. "वाटणी झाली तरी दोन्हीकडची माणसं एकाच टेकडीवर देवीला जात असतील ना?" तिने विचारलं. जात असणारच, दुसरी टेकडी आहे कुठे?

पुढे रस्ता लांबचा आणि सपाट. ब्यावरा, गुना. शिवपुरीला शिंद्यांच्या छत्र्या पाहिल्या. आई सख्याराजे आणि मुलगा माधवराव यांच्या छत्र्या समोरासमोर आहेत. तिथे मात्र सौ. थांबायला तयार नव्हती. दहा दिवसांत पहिल्यांदा तिने गाडी ऐंशीच्या वर नेली.

दौलतराव शिंद्यांच्या फौजेचा तळ पडला, म्हणून ग्वाल्हेरच्या त्या भागाचं नाव लष्कर. वाड्याचा तिथे बाडा झाला आहे. महाराज बाड्यावरून डावीकडे, पुन्हा डावीकडे, हे तिला विचारावं लागलं नाही. ज्या गावाने बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांमार्फत महाराष्ट्राला ख्याल दिला, जिथे भा. रा. तांबे राजकवी होते, तिथल्या त्या गल्लीत आता मराठी पाटी एकच उरली आहे, आणि तीही या घरावरची.

दार भाच्याने उघडलं. वाकून नमस्कार केला. क्षणभर कुणी बोललं नाही. मग तो म्हणाला, "आत्या, नवीन कागद करवून घेतला. तुमचं नाव बाबांच्या आधी लिहिलंय, तुम्ही मोठ्या ना." आतून सूनबाईने विचारलं, चहात आलं चालेल का? सौ. त्यावर इतकी रडली की चहा दोनदा गरम करावा लागला.

रजिस्ट्री दोन दिवसांनी झाली. ट्रंक मी आणि भाच्याने मिळून माळ्यावरून काढली. आत अण्णांच्या भाड्याच्या पावत्या, नगरपालिकेची बिलं आणि सौ.ने लग्नानंतर लिहिलेली सगळी पत्रं, तारीखवार लावून बांधलेली. ट्रंक डिकीत मावेना, म्हणून मागच्या सीटवर ठेवली. तिच्या वाट्याची रक्कम पुण्याला आल्यावर तिने एकटीच्या नावाने ठेव म्हणून ठेवली. फॉर्म भरताना मला जवळ येऊ दिलं नाही.

परत निघायच्या सकाळी मी सरळ आल्या वाटेने जाऊ म्हणालो. "झाशी शंभर किलोमीटरवर आहे," ती म्हणाली, "माहेरी येऊन मी कधी झाशीला उतरले नाही, नुसतं स्टेशन पाहिलंय." आणि किल्ली तिने माझ्या हातातून घेतली.