सायलेन्सरचा रंग का सोलतो?

काही वर्षांपूर्वी मी एक चूक केली. माझ्या मोटारसायकलच्या इंजिनातून निघणाऱ्या वाकड्या नळीला, म्हणजे गॅरेजवाल्यांच्या भाषेत ‘बेंड पाइप’ला, गंज चढला होता. खिडकीच्या गजांसाठी आणलेला काळा रंग घरात उरला होता. तोच मी नळीला दोन हात दिला. दुसऱ्या दिवशी गाडी चालवली तर दोन-तीन किलोमीटरांतच धूर येऊ लागला आणि घरी परतेपर्यंत रंगाच्या खपल्या गळून पडल्या. पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माणसाला हे आधीच सुचायला हवे होते! असे का झाले, ते आज पाहू.

आधी या नळीचे तापमान लक्षात घ्या. सिलिंडरमधून बाहेर पडणारे वायू अतिशय तप्त असतात. मोटारीच्या इंजिनाला जोडलेला पहिला भाग म्हणजे मॅनिफोल्ड. गाडीवर भार असताना त्याचा पृष्ठभाग ५०० ते ६०० अंश सेल्सियस किंवा त्याहूनही अधिक तापतो. पुढे जाताना वायू निवत जातात. मागच्या टोकाशी नळीचे तापमान शे-दोनशे अंशांपर्यंत उतरलेले असते. म्हणजे एकाच नळीच्या दोन टोकांची गरज वेगवेगळी आहे. रंग निवडताना पहिला प्रश्न ‘कोणता रंग?’ हा नसून ‘कोणत्या जागेसाठी?’ हा आहे.

साध्या तैलरंगातील राळ ही कार्बनच्या लांब साखळ्यांची बनलेली असते. सुमारे १५० अंशांच्या पुढे या साखळ्या तुटू लागतात, रंग पिवळा पडतो आणि शेवटी कोळसा होतो. माझ्या नळीवर हेच घडले. उष्णतारोधक रंगात कार्बनच्या साखळीऐवजी सिलिकॉन आणि ऑक्सिजन यांच्या अणूंची आलटून-पालटून गुंफलेली साखळी असते. कार्बन-कार्बन बंध तोडायला दर मोलला सुमारे ३५० किलोज्यूल ऊर्जा लागते, तर सिलिकॉन-ऑक्सिजन बंधाला सुमारे ४५०. वाळू आणि काच आगीला दाद देत नाहीत, कारण त्यांतही हाच बंध असतो. इंग्लंडमधील नॉटिंगहॅम येथे फ्रेडरिक किपिंग यांनी विसाव्या शतकाच्या प्रारंभी अशा संयुगांचा दीर्घकाळ अभ्यास केला. हाती येणाऱ्या चिकट पदार्थांचा फारसा उपयोग होईल, असे त्यांना स्वतःला वाटत नव्हते. पुढे त्याच पदार्थांनी मोठा उद्योग उभा केला!

सिलिकोन राळेत अ‍ॅल्युमिनियमचे बारीक पापुद्रे मिसळले, की चंदेरी रंग तयार होतो. तो ५००-६०० अंशांपर्यंत टिकाव धरतो. राळेतील कार्बनी भाग जळून गेला, तरी मागे उरणारी सिलिका अ‍ॅल्युमिनियमला लोखंडाशी घट्ट धरून ठेवते.

मग डब्यावर ‘६०० अंश’ असे लिहिलेला रंग आणला, लावला आणि काम झाले? नाही. माझी दुसरी चूक हीच होती. योग्य रंग आणूनही तो पुन्हा सोलला, कारण मी त्याला ‘भट्टी’ दिली नव्हती.

कुंभार ओले मडके थेट आव्यात घालत नाही. आधी ते सावलीत सुकवतो, मग भाजतो. घाई केली तर आतल्या पाण्याची वाफ मडके फोडते. रंगाचेही तसेच आहे. हवेत सुकलेला सिलिकोन रंग हाताला कोरडा लागला, तरी कच्चाच असतो. त्यात द्रावक शिल्लक असतो आणि राळेचे रेणू एकमेकांना पुरते जोडलेले नसतात. तापवल्यावर शेजारच्या रेणूंवरील हायड्रॉक्सिल गट एकत्र येतात, पाण्याचा रेणू बाहेर पडतो आणि दोन साखळ्यांमध्ये ऑक्सिजनचा पूल बांधला जातो. असे असंख्य पूल बांधले गेले, की कठीण जाळे तयार होते. एकदम तापवले तर वरची साय आधी आवळते. आतली वाफ अडकून फोड येतात.

म्हणून तापवणे टप्प्याटप्प्याने करतात. एक प्रचलित रीत अशी : सुमारे १२० अंशांवर अर्धा तास, मग थंड करणे; २०० अंशांवर अर्धा तास, पुन्हा थंड करणे; शेवटी ३१५ अंशांवर अर्धा तास. रंगानुसार हे आकडे बदलतात, म्हणून डब्यावरील सूचना प्रमाण मानावी. स्वयंपाकघरातील ओव्हन यासाठी मुळीच वापरू नये, कारण निघणारी वाफ विषारी असते. भाग गाडीवरच असेल तर इंजिन आधी थोडा वेळ, थंड झाल्यावर अधिक वेळ चालवून हेच साधता येते. मात्र हे उघड्यावरच करावे. बंद गॅरेजमध्ये साचणारा कार्बन मोनॉक्साइड माणसाचा जीव घेतो.

आता प्रसरणाचा विचार करू. पोलादाचा रेषीय प्रसरण गुणांक दर अंशाला सुमारे ०.००००१२ आहे. एक मीटर लांबीची नळी ४०० अंशांनी तापली, तर ती किती लांबेल? गुणाकार करून पाहा : जवळजवळ ५ मिलिमीटर! रंगालाही दर फेरीत तेवढेच ताणले जावे लागते. पातळ थर हे सोसतो, जाड थर तडकतो. म्हणून साधारण २५ मायक्रोमीटरचा, म्हणजे केसाच्या जाडीहूनही पातळ असा थर देतात. ‘दोन हात जास्त’ दिल्याने येथे तोटाच होतो. गंज आणि तेलही राहता कामा नये. तारेचा ब्रश आणि पॉलिश पेपर यांनी पृष्ठभाग खरखरीत करून थिनरने पुसावा. गंजावर लावलेला रंग गंजासकट निघतो. जस्ताचा मुलामा दिलेली नळीही येथे चालत नाही. जस्त सुमारे ४२० अंशांनाच वितळते आणि त्याचा धूर अपायकारक असतो.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. पेट्रोलमधील हायड्रोजन जळून पाणी बनते. एक लिटर पेट्रोल जळले, की सुमारे एक किलोग्रॅम पाणी तयार होते! गाडी रोज थोडेच अंतर चालली तर सायलेन्सर पुरता तापत नाही. हे पाणी आतच साचते आणि पत्रा आतून गंजतो. बाहेरचा रंग कितीही चांगला असला, तरी त्यापुढे तो हतबल असतो. यावर उपाय म्हणून कारखान्यात अ‍ॅल्युमिनियमचा मुलामा दिलेला किंवा स्टेनलेस पोलादाचा पत्रा वापरतात.

शेवटी एक प्रयोग, पण शिक्षकांच्या देखरेखीखाली. साध्या पोलादाची पट्टी पॉलिश पेपरने लख्ख करा. चिमट्यात धरून तिचे एक टोक बर्नरवर तापवा. फिकट पिवळा, तपकिरी, जांभळा, निळा असे पट्टे सरकताना दिसतील. हे रंग ऑक्साइडच्या पातळ थरातील प्रकाशाच्या व्यतिकरणाने उमटतात. पाण्यावरील तेलाच्या तवंगाचे रंगही असेच असतात. फिकट पिवळा सुमारे २२० अंशांना, तर निळा सुमारे ३०० अंशांना दिसतो. रंग न दिलेल्या साध्या पोलादी नळीवर असे पट्टे दिसले, तर ती कोठे किती तापली असेल याचा अंदाज करून पाहा. स्टेनलेस पोलादावर मात्र हेच रंग अधिक तापमानाला येतात, हे विसरू नका.

माझी नळी तिसऱ्या खेपेस टिकली. रंग दुसऱ्या खेपेचाच होता. फरक होता तो खरवडण्याचा, पातळ थराचा आणि धीराने दिलेल्या भट्टीचा.